मीटिंग रूममधला आवाज, कॅमेरा नाहीतर स्क्रीन अडली तर नक्की कुठून सुरुवात करायची

मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं आहेत, रूममध्ये सात-आठ जण बसलेत, स्क्रीनवर पलीकडचे लोक दिसतायत आणि ते कानाला हात लावून सांगतायत की तुमचा आवाज येत नाहीये. मग एक जण केबल ओढतो, दुसरा रिमोटची बटणं दाबत सुटतो, तिसरा ॲप बंद करून परत चालू करतो, आणि नशिबाने सुरू झालंच तरी कशामुळे झालं ते कुणालाच कळत नाही, म्हणजे पुढच्या आठवड्यात परत तेच. मी बरीच वर्षं अशा रूम्स सांभाळतोय म्हणून अगदी कळकळीने सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पलीकडच्या माणसाला विचारा, काही फरक पडला का. जो घरून किंवा दुसऱ्या ऑफिसमधून जॉईन झालाय त्याच्यासाठी तो आवाज म्हणजेच मीटिंग असते, तो गेला की तो माणूस मीटिंगमधूनच गेला.

सगळ्यात आधी प्रॉब्लेम कुणाकडे आहे ते ठरवा. पलीकडच्या सगळ्यांनाच तुमचं ऐकू येत नसेल तर गडबड तुमच्या रूममध्ये, एकालाच येत नसेल तर बहुतेक त्याच्याकडे. खात्री करायची असेल तर मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरून तीच मीटिंग जॉईन करा, हेडफोन लावा आणि रूमच्या बाहेर जाऊन ऐका. पलीकडच्याला काय ऐकू येतंय ते तुम्हाला स्वतःच्या कानाने कळेल आणि निम्मी शोधाशोध तिथेच संपेल.

आता इको, म्हणजे आपलाच आवाज परत ऐकू येणं. याबाबतीत लोक हमखास उलटं करतात. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष तुमच्या रूममध्ये नाही, पलीकडे आहे, कारण तुमचा आवाज तिकडच्या स्पीकरमधून बाहेर पडून तिकडच्याच माईकमध्ये शिरतोय. म्हणून पलीकडच्यांना एकेक करून म्यूट व्हायला सांगा, ज्याच्या म्यूटने इको थांबला तिथे दुरुस्ती करायची. आणि ते जर म्हणाले की आमचाच आवाज आम्हाला परत येतोय, तर मग तुमची रूम तपासा. एकदा एका रूममध्ये आम्ही अर्धा तास टेबल माईक बदलत बसलो होतो, शेवटी टेबलावर पालथा ठेवलेला एक फोन सापडला, त्यावर तीच मीटिंग चालू होती, माईकही चालू आणि स्पीकरही चालू. तेव्हापासून मी आधी विचारतो, रूममध्ये बसून अजून कोण जॉईन झालंय? लॅपटॉपवरून जॉईन व्हायचंच असेल तर माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवून व्हा, झूम आणि टीम्स दोन्हीत ऑडिओशिवाय जॉईन होता येतं.

इकोचं दुसरं कारण म्हणजे माईक एका डिव्हाइसचा आणि आवाज दुसऱ्यातून. चांगल्या स्पीकरफोनला किंवा साऊंडबारला माहीत असतं की आपण आत्ता काय वाजवतोय, तेवढा आवाज तो माईकमधून वजा करतो. पण तुम्ही माईक त्याचा घेतला आणि आवाज टीव्हीतून काढला तर त्याला वजा करायला काही मिळतच नाही, त्यात टीव्ही आवाज थोडा उशिरा काढतो, त्यामुळे ॲपचीही पंचाईत होते. म्हणून ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माईक आणि स्पीकर या दोन्ही ठिकाणी एकाच डिव्हाइसचं नाव दिसायला हवं.

आवाज अजिबातच जात नसेल तर म्यूट तीन ठिकाणी बघायचं. ॲपमध्ये, विंडोजच्या किंवा मॅकच्या साऊंड सेटिंगमध्ये, आणि खुद्द माईकवर, त्याच्यावर लाल लाईट असेल तर बटण दाबा. मग कुठला माईक आणि स्पीकर निवडलाय ते बघा, एचडीएमआय केबल लावली की विंडोज कधीकधी टीव्हीलाच स्पीकर समजतं, आणि डॉक, म्हणजे लॅपटॉपला एकाच केबलने सगळी उपकरणं जोडणारा डबा, काढून लावला की ॲप गुपचूप लॅपटॉपच्या माईकवर जातं. मग परमिशन, विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे जा, खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा स्विच असतो तोही चालू पाहिजे, बरेच जण वरचा चालू करतात आणि खालचा बघतच नाहीत. ब्लूटूथ हेडसेटवर आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा झाला तर हेडसेट खराब झालेला नसतो, त्याचा माईक वापरला की बहुतेक हेडसेट कमी क्वालिटीच्या मोडमध्ये जातात, माईक लॅपटॉपचा निवडा आणि हेडसेटवर फक्त ऐका.

कॅमेऱ्याचं आधी सोपं बघा, लेन्सवरचं झाकण सरकवलेलं आहे का, दुसऱ्या कुठल्या ॲपने कॅमेरा धरून ठेवलाय का. पण कॅमेरा सुरू होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी गायब होतो असं असेल तर केबल बघा. एका रूममध्ये महिनाभर हेच चाललं होतं, ड्रायव्हर बदलले, कॅमेराही बदलला, आणि शेवटी टेबलाखाली वाकून बघितलं तर ५ मीटरच्या यूएसबी केबलला ३ मीटरची साधी एक्स्टेन्शन जोडलेली, जोडावर पाय ठेवून ठेवून तो जोड सैल झालेला, बोट लावलं की स्क्रीनवरचं चित्र जायचं. साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंतच धरायची, यूएसबी ३ साठी साधारण ३ मीटर, त्यापुढे ॲक्टिव्ह (आत सिग्नल वाढवणारं सर्किट असलेली) किंवा ऑप्टिकल केबलच लागते. कॅमेरा बिनपॉवरच्या हबवर (वेगळा अडॅप्टर नसलेल्या, यूएसबीचे जास्त पोर्ट देणाऱ्या डब्यावर) असेल तर तो काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघा. आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, पॉवर वाचवायच्या नादात विंडोज डिव्हाइसला झोपवतं. चित्रात पट्टे हलताना दिसत असतील तर कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर तुमच्याकडच्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर ठेवा.

स्क्रीन शेअरचं लवकर आटपतं. टीव्हीचा इनपुट बरोबर आहे का बघा, मग विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा, तरी काळंच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रिस्टार्ट होतो आणि उघडी कामं तशीच राहतात. प्रत्येक टाईप-सी पोर्टमधून व्हिडिओ जातोच असं नाही, त्यामुळे लॅपटॉपला दुसरा टाईप-सी असेल तर तो लावून बघा. मॅकवर शेअर होत नसेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परमिशन द्या आणि ॲप पूर्ण बंद करून उघडा, नुसती विंडो बंद करून चालत नाही.

चित्र अडकतंय, आवाज तुटतोय तर नेटवर्क. रूमच्या सिस्टिमला वायफायवर ठेवूच नका, केबल लावा. आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तिला नेटवर्ककडून ॲड्रेसच मिळालेला नाही, केबल किंवा भिंतीतला पोर्ट तपासा. स्पीड टेस्ट छान येते तरी आवाज तुटतो, असं असेल तर फायरवॉल (ऑफिसच्या नेटवर्कचा पहारेकरी) सांभाळणाऱ्यांना विचारा की टीम्ससाठी यूडीपी (हरवलेल्या तुकड्यासाठी न थांबता डेटा पाठवायची पद्धत) पोर्ट ३४७८ ते ३४८१ आणि झूमसाठी यूडीपी ८८०१ ते ८८१० उघडे आहेत का. हे बंद असले तरी मीटिंग वेबसाइट्ससाठी उघड्या असलेल्या टीसीपी ४४३ पोर्टवरून लागते, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण टीसीपीवर हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) परत येईपर्यंत मागचं सगळं थांबतं आणि आवाज तुटत राहतो.

एक तक्रार अशी असते की सगळं हार्डवेअर ठीक आहे पण रूमच्या पॅनेलवर (टेबलावरच्या टच स्क्रीनवर) जॉईनचं बटणच येत नाही. यात रूमची चूक नसते, एक्स्चेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या मेल-कॅलेंडर सिस्टिममध्ये) रूमचा मेलबॉक्स, म्हणजे बुकिंगसाठीचं रूमचं स्वतःचं मेल खातं, बाय डीफॉल्ट इन्व्हाइटमधला मजकूर काढून टाकतो, म्हणजे लिंकही गेली, आणि बाहेरच्या कंपनीकडून आलेली इन्व्हाइट तर तो प्रोसेसच करत नाही. ॲडमिनला सांगा, त्या मेलबॉक्सवर डिलीट कमेंट्स बंद आणि प्रोसेस एक्स्टर्नल मीटिंग मेसेजेस चालू करा. साइन-इनच होत नसेल तर सिस्टिमची तारीख-वेळ बघा, घड्याळ चुकलं की सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची डिजिटल ओळख, चालत नाही.

रिस्टार्ट करायचंच असेल तर नीट क्रमाने करा. कॉम्प्युटर शटडाऊन करा, मग कॅमेरा आणि साऊंडबारची पॉवर काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी टीव्ही लावा, मग कॅमेरा-साऊंडबार, आणि त्यांचे लाईट स्थिर झाले की शेवटी कॉम्प्युटर.

इतकं करून नाहीच जमलं आणि आयटीला फोन करायचा झाला तर "चालत नाहीये" एवढं सांगू नका. नक्की किती वाजता बिघडलं, ऐकायला प्रॉब्लेम होता की बोलायला, तुम्ही काय काय करून बघितलं, कालपासून काही बदललंय का हे सांगा, आणि स्क्रीनवर एरर असेल तर रिस्टार्ट करायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा.