उंदीर नसलेल्या बेटावरची नोकरी

‘उंदीर मारायला न्यूझीलंडला कशाला जायला हवं गं?’ असं देवगडच्या काकूने निघताना विचारलं होतं. आता प्राणिशास्त्र शिकणारी मुलंमुली विचारतात की बेटांवरचे उंदीर संपवून पक्षी वाचवायच्या या क्षेत्रात शिरायचं कसं आणि दिवसभर करायचं काय. दिवसाचा बराचसा वेळ मी पांढरे कागद बघण्यात घालवते. त्यांवर काहीही उमटलेलं नसलं की माझं काम नीट चाललंय असं समजायचं.

आधी हे का करायचं ते. माणूस येण्यापूर्वी न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणी नव्हतेच. पक्षी जमिनीलगत, बिळांत, ढोलीत बिनधास्त घरटी करत. १९६०च्या दशकात दक्षिणेकडच्या बिग साउथ केप बेटावर जहाजी उंदीर पोचले आणि काही वर्षांत स्नाइप पक्ष्याची एक जात, बुश रेन नावाचा छोटा पक्षी आणि वटवाघळाची एक जात कायमची संपली. दक्षिणेकडचा टिएके (सॅडलबॅक) तेवढा वाचला, कारण त्याचे ३६ पक्षी उचलून उंदीर नसलेल्या शेजारच्या बेटांवर नेले गेले. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून ठेवली होती. एक अख्खी जात, आणि पक्षी ३६.

कामाला लागलात की पहिल्यांदा हातात येतो तो ठशांचा बोगदा. हा एक काळा लांबट खोका असतो. आत कागद, मधोमध शाईची पट्टी आणि तिच्यावर पीनट बटर. प्राणी आमिषाला येतो आणि जाताना पावलं उमटवून जातो. वेटा नावाच्या मोठ्या किड्याचे ठिपके, पालीची बोटं, उंदराची पावलं हे सगळं ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. दुसऱ्याच महिन्यात मी पालीचे पुसट ठसे उंदराचे समजून वायरलेसवर कळवलं. माणसं कामं टाकून धावली, रात्रीपर्यंत सापळे लावले आणि निघालं काहीच नाही. मला रडू यायचं बाकी होतं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, ‘पुढच्या वेळीही असंच लगेच सांग.’ नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: शंका आली की बोला. लाजेने गप्प बसलात तर बेट जाईल.

कारण एक उंदीरसुद्धा फार असतो. २००४ साली ऑकलंडजवळच्या मोटुहोरोपापा या साडेनऊ हेक्टरच्या बेटावर संशोधकांनी नॉर्वे जातीचा एक नर उंदीर गळ्यात रेडिओ कॉलर बांधून मुद्दाम सोडला. त्याला पकडायला १८ आठवडे लागले. मधल्या काळात तो ४०० मीटर उघडा समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि शेवटी पेंग्विनच्या ताज्या मांसाच्या आमिषाला फसला. गर्दीत राहणारा उंदीर भुकेपोटी पिंजऱ्यात शिरतो. एकट्याला सगळं बेट खायला मोकळं असतं, मग तो तुमच्या खोक्यात कशाला येईल?

विषाचा भाग नीट शिका. आपल्याकडे शेतकरी झिंक फॉस्फाईड घालण्याआधी दोन-चार दिवस नुसतं धान्य ठेवतात. थोडं विष खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या खाण्याकडे फिरकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बेटांवर त्याच कारणाने ब्रोडिफॅकम वापरतात. ते रक्त गोठू देत नाही आणि मरायला काही दिवस लागतात, त्यामुळे खाणं आणि दुखणं यांचा संबंध उंदराला लागत नाही. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल या ११,३०० हेक्टरच्या बेटावर २००१ मध्ये हेलिकॉप्टरमधून असंच आमिष टाकून नॉर्वे उंदीर संपवले. तेही हिवाळ्यात, जेव्हा खाणं कमी असतं आणि उंदरांची वीण थंडावलेली असते.

पण हे विष उंदीर आणि पक्षी असा भेद करत नाही, आणि मरणाऱ्या उंदराच्या यकृतातून ते त्याला खाणाऱ्या शिकारी पक्ष्यात जातं. म्हणून खरा अभ्यास आमिष टाकण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो: आमिष कोण खाईल, मेलेला उंदीर कोण खाईल, कोणाला तेवढ्यापुरतं पिंजऱ्यात हलवायचं. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाकापा बेटावर २००१-०२ मध्ये तिथले डिअर माइस नावाचे छोटे देशी उंदीर आधी पकडून सांभाळले आणि धोका टळल्यावर परत सोडले. सापळ्यांचंही तसंच. आमच्याकडचा पोलादी सापळा लाकडी पेटीत असतो आणि पेटीची भोकं व आतल्या जाळ्या अशा बेताने ठेवलेल्या असतात की किवीची चोच किंवा पाय झापेपर्यंत पोचू नये. पेटी जरा जरी उसवली तरी मी ती तशी सोडत नाही.

एकाच प्राण्याकडे बघून चालत नाही, हे न्यूझीलंडच्याच हौतुरू बेटाने शिकवलं. तिथली मांजरं १९८० साली संपवली. मग उंदरांवर वचक राहिला नाही आणि कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं पूर्वीपेक्षाही कमी जगू लागली. २००४ मध्ये कियोरे उंदीर गेले तेव्हा कुठे घरटी भरली. हा कियोरे माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, पूर्वजांसोबत होड्यांतून आला आणि काही कुळांना तो आपला ठेवा वाटतो. त्यांच्याशी बोलणं हाही कामाचाच भाग आहे, आणि मला तो विषापेक्षा अवघड वाटतो.

शिरायचं कसं? स्वयंसेवक म्हणून सुरुवात करा. ऑकलंडजवळच्या टिरिटिरी माटांगीसारख्या बेटांवर कामाला माणसं लागतात आणि ओळखी तिथेच होतात. जीपीएस, नकाशे, प्रथमोपचार, गाडीचं लायसन्स आणि पाठीवर ओझं घेऊन चिखलात चढण्याची तयारी या गोष्टी पदवीइतक्याच विचारल्या जातात. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा एका हंगामापुरत्या असतात, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. ज्यांना भारतात परत यायचंय त्यांनी एक लक्षात ठेवावं. अंदमान-निकोबारला उंदरांच्या स्वतःच्या देशी जाती आहेत. इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे नेलीत तर जे वाचवायचं तेच माराल.

मारण्याचा प्रश्न सगळेच दबक्या आवाजात विचारतात. पहिला मेलेला उंदीर मी हातमोज्यात उचलला तेव्हा तो अजून गरम होता. त्याचा काही दोष नव्हता, त्याला इथे आपणच आणलं. मला आजही वाईट वाटतं, आणि वाटेनासं झालं तर मी हे काम सोडेन.

उद्या सकाळची बोट आहे. बॅग जमिनीवर रिकामी केली आहे. बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने काढायची, तंबूची घडी झटकायची आणि खाऊचे डबे झाकण नीट लागलंय ना ते बघून एकेक करून परत भरायचे.