व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपके दिसतायत? कॅमेरा खोलण्याआधी या चुका टाळा

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की पुढच्या आठवड्यात ओळखीच्या फोटोग्राफर मंडळींचे फोन येतात. डोंगरावर गुलालात अख्खा दिवस काढलेला कॅमेरा घरी आणला, दुसऱ्या दिवशी डोळा लावला, तर व्ह्यूफाइंडरमध्ये बारीक बारीक ठिपके. आत गेलेला गुलाल असला तरी उजेड पाठीमागून येत असल्यानं ते ठिपके काळेच दिसतात, त्यामुळं हे नेमकं काय ते कळत नाही. आणि मग प्रत्येकाच्या डोक्यात एकच येतं: लेन्स काढू, आतली काच पुसून घेऊ, त्यात काय एवढं.

माझ्या काकांचा निकॉन एफएम२ मी असाच खराब केला. १९८२ साली बाजारात आलेलं हे मॉडेल, पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. काकांनी त्याच्यावर शेकडो लग्नं काढली. त्यांच्या माघारी तो माझ्याकडं आला तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये काळे कण होते. मला वाटलं धूळ. चष्मा पुसायचं कापड लेन्स साफ करायच्या द्रवात बुडवलं आणि आतल्या काचेवरून फिरवलं. कण गेले नाहीत, पसरले. आरसा वर उचलला की ज्या फोमवर आदळतो तो फोम इतक्या वर्षांत कुजून डांबरासारखा चिकट झालेला होता, त्याचेच ते तुकडे होते. मी आणखी घासलं. मग मधोमध एक तिरपी रेघ उमटली.

इथल्या, कोल्हापुरातल्या, एका जुन्या कारागिराकडं तो घेऊन गेलो. त्यांनी डोळा लावला, लेन्स काढून खालून टॉर्च मारली आणि विचारलं, "बाळा, घाण कुठल्या मजल्यावर होती ते आधी बघितलं होतंस का?"

"नाही मामा. थेट पुसायलाच घेतलं."

"मग कशाला हात घातलास?"

त्यांचा तो 'मजला' शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर खरंच मजल्यांसारखा असतो. तळाला ४५ अंशांत तिरपा आरसा. त्याच्या वर फोकसिंग स्क्रीन, म्हणजे एका बाजूनं दुधाळ असलेला पातळ तुकडा, बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा. त्यावर प्रिझम, स्वस्त मॉडेलमध्ये आरशांचा पोकळ डबा. आणि शेवटी आपण डोळा लावतो ती आयपीसची काच. खरं चित्र स्क्रीनवर पडतं, बाकीचे मजले ते फक्त डोळ्यापर्यंत पोचवतात.

हे एकदा समजलं की घाण कुठं आहे ते न खोलता ओळखता येतं. पांढऱ्या भिंतीकडं बघा. ठिपका समोरच्या दृश्यासारखाच रेखीव दिसत असेल तर तो स्क्रीनवर आहे, वरच्या किंवा खालच्या बाजूला. मोठा आणि फिकट डाग असेल तर तो आयपीसवर किंवा प्रिझमच्या काचेवर. आरशावरची धूळ व्ह्यूफाइंडरमध्ये जवळपास दिसतच नाही, म्हणून तिच्या मागं लागू नका. लेन्स बदलून बघा: डाग गेला तर तो लेन्सचा होता. धाग्यासारखी जाळी दिसली तर फंगस. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या बॅगेत बंद राहिला की ती हमखास धरते. जुन्या कॅमेऱ्यात आडवा काळपट पट्टा दिसला तर प्रिझमची चांदी उडाली आहे. ऑलिंपस ओएम-१ मध्ये हे फार आढळतं; तिथंही गुन्हेगार फोमच असतो, तो कुजून प्रिझमचा मुलामा खातो. तो पट्टा पुसून जात नाही, प्रिझमच बदलावा लागतो.

आता सगळ्यात मोठी चूक. व्ह्यूफाइंडरमधला ठिपका फोटोत येत नाही, हे कित्येकांना माहीतच नसतं. फोटो काढताना आरसा वर जातो, उजेड सरळ सेन्सरवर किंवा फिल्मवर पडतो. स्क्रीन आणि प्रिझम त्या वाटेत नसतातच. फोटोत डाग येत असेल तर तो सेन्सरचा, ते दुखणं वेगळं आणि उपायही वेगळा. दोन-चार ठिपक्यांसाठी कुणी चांगला चालणारा कॅमेरा खोलायला निघाला की मी त्याला आधी हेच विचारतो: फोकस नीट दिसतोय ना? फोटो स्वच्छ येतायत ना? मग राहू दे. एवढं ऐकूनही खोलायचंच असेल तर पुढं वाचा.

बिघाड नसतानाच खोलणं

'व्ह्यूफाइंडर धूसर झालाय' असं म्हणून येणाऱ्यांनी पहिल्यांदा आयपीसच्या शेजारचं डायऑप्टरचं, म्हणजे आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणं जुळवायचं, छोटं चाक फिरवून बघावं. बॅगेत घासून ते आपोआप फिरतं आणि सगळं अंधुक दिसायला लागतं. ते लावताना दृश्याकडं बघू नका, आतल्या आकड्यांकडं किंवा फोकसच्या चौकोनांकडं बघा. ते रेखीव झाले की चाक जागेवर आलं.

दुसरं बॅटरीचं. निकॉन डी९०, डी७००० यांसारख्या डीएसएलआरच्या (डिजिटल एसएलआरच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. बॅटरी काढली किंवा पार संपली की तो थर काळवंडतो आणि आतलं सगळं मंद दिसतं. हा बिघाड नाही. चार्ज केलेली बॅटरी घाला, उजेड परत येतो. आणि व्ह्यूफाइंडर पूर्ण काळा असेल तर लेन्स काढून बघा, आरसा वरच अडकलेला असू शकतो. त्याला बोटानं खाली ओढू नका, आधी बॅटरी बदलून बघा.

फुंकर, स्पिरिट आणि पंक्चरच्या दुकानातली हवा

गुलाल आत गेला असेल तर तोंडानं फुंकर मारू नका. फुंकरीत ओल असते, आणि ओला झालेला गुलाल रंग सोडतो. कोरडा होता तोवर तो उडून जाणार होता; ओला झाल्यावर तो डाग होतो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा कुणी मारून आणतं, तिच्यात पाणी आणि तेलाचे थेंब असतात, शिवाय तिचा जोर आरशाला सोसत नाही. डब्यातल्या हवेचा स्प्रे जवळून किंवा डबा तिरका धरून मारला तर गार द्रव काचेवर उडतो.

रबरी ब्लोअर घ्या. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं करा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल, आणखी आत जाणार नाही. ब्लोअरची नळी आत कशालाही लागू देऊ नका. एवढं केलं की बहुतेक कण जातात. जे राहतात त्यांच्यासाठी मऊ, कोरडा, हात न लागलेला ब्रश, तोही फक्त स्क्रीनच्या खालच्या बाजूला, एकदाच, हलक्या हातानं.

स्क्रीनवर कापड नाहीच. तिच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गोल खाचा असतात. कापड घाण काढत नाही, त्या खाचांत भरतं. स्पिरिटनं प्लॅस्टिक पांढुरकं पडू शकतं. आरशाबाबतीत तर घरच्या आरशाची सवय घात करते. घरातल्या आरशाला मुलामा काचेच्या मागं असतो, कॅमेऱ्याच्या आरशाला वरच्या बाजूनं, उघडा. पुसायला गेलं की आपण तो मुलामाच घासतो.

पट्टी विसरणं

एफएम२ सारख्या मॉडेलमध्ये स्क्रीन लेन्सच्या तोंडातूनच निघते. पुढची छोटी कडी सोडवली की चौकट खाली झुकते आणि स्क्रीन तिच्या कानाला चिमट्यानं धरून उचलता येते. ही सोय असेल तर घरी करायला माझी हरकत नाही. काही मॉडेलमध्ये मात्र स्क्रीनच्या कडेला पातळ धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या पडल्या, उलट्या बसल्या किंवा विसरल्या तर स्क्रीनची उंची किंचित बदलते. मग डोळ्याला फोकस बरोबर दिसतो आणि फोटो किंचित अस्पष्ट येतो. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस बरोबर येईल, कारण त्याचा सेन्सर खाली वेगळा असतो. हातानं केलेला फोकस चुकेल.

म्हणून स्क्रीन परत बसवल्यावर तपासणी कराच. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून एका ओळीवर हातानं फोकस करा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं ठेवा. फोटोत तीच ओळ रेखीव आली पाहिजे. मग रंकाळ्याच्या काठावर जा, लेन्स अनंतावर लावा आणि लांबच्या डोंगराची कड बघा. फिल्मचा कॅमेरा असेल तर ही तपासणी रोलवर करावी लागते, त्याचा खर्च आधीच हिशोबात धरा.

वरचं कव्हर काढणं

इथं मी स्पष्ट सांगतो: अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याचं वरचं कव्हर घरी काढू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ राहतो. प्रिझमपर्यंत जायची वाट त्याच्या शेजारूनच जाते.

फ्लॅश नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यातही स्क्रू हा मोठा प्रश्न असतो. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानक, पद्धतीचे असतात. मोबाइल दुरुस्तीच्या संचातला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या रेंजफाइंडरला (यात दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करतात) तर आतूनही पुसू नका. त्यातली अर्धपारदर्शक काच एका पुसण्यात मुलामा सोडते, आणि मग फोकसचा दुसरा ठसा कायमचा फिका होतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, आत छोटा पडदाच असतो. तिथं काही दिसेनासं झालं तर आयपीसजवळचा डोळा ओळखणारा सेन्सर पुसून बघा, त्यापुढं घरी करण्यासारखं काही नाही.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. आजही उद्यमनगरात लेथवर हवा तो पाना करून मिळतो, गुजरीत सोनाराचा चिमटा आणि भिंग मिळतं. त्यामुळं हातानं करून बघायची हौस इथं असणारच, आणि मला तिचा आदरच आहे. फक्त पहिला हात चालू कॅमेऱ्यावर नको. भंगारातली एखादी बंद पडलेली बॉडी घ्या, ती दोनदा खोलून दोनदा जोडा. दुसऱ्या वेळी एकही स्क्रू उरला नाही तर मग बोलू.

माझ्या एफएम२ ची स्क्रीन त्या मामांनी साबणाच्या कोमट पाण्यात ठेवली, न घासता, आणि निथळून वाळवली. फोमचा चिकटा गेला, नवा फोम बसला. तिरपी रेघ राहिली. दुसरी स्क्रीन मिळेल, मामा म्हणाले होते. मी अजून घेतलेली नाही, कारण फोटो छान येतात.

आणि यात्रेचं म्हणाल, तर डोंगरावर लेन्स बदलू नका. एकच झूम लावून जा, बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. घरी आल्यावर कॅमेरा आधी लेन्स न काढता अंगणात ब्रशनं झाडा, विशेषतः लेन्सच्या कड्याभोवती. गुलाल बहुतेक वेळा डोंगरावर आत जात नाही, घरी घाईनं लेन्स काढताना जातो.