शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?

दरवर्षी नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचं काउन्सेलिंग आटोपलं की आपल्याकडच्या कुणा ना कुणा ज्युनिअरचा फोन येतो. "मॅडम, न्यूरोलॉजी मिळालीय. जॉइन व्हायच्या आधी काय वाचून येऊ?" वाचायला पुढं ३ वर्षं आहेत. त्याआधी शिकून यायची गोष्ट म्हणजे विचारणं, आणि त्याबद्दल फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातली. एमडी मेडिसिन अंबाजोगाईला केलं आणि नंतर न्यूरोलॉजीतल्या डीएमची, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारांतल्या पदवीची, ३ वर्षं मराठवाड्यातल्याच एका शहरातल्या शिक्षण रुग्णालयात काढली. वाट सगळ्यांना माहीत आहे: एमबीबीएस, मग एमडीची ३ वर्षं, मग नीट-एसएस. मेडिसिन गटाची एकच प्रश्नपत्रिका, १५० प्रश्न, अडीच तास. त्या परीक्षेची तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. पहिल्या कॉलच्या (ड्यूटीच्या) रात्री कॅज्युअल्टीत उभं राहिल्यावर काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आमचे सर पहिल्याच राऊंडला म्हणाले होते, प्रत्येक पेशंटला दोनच प्रश्न लावायचे: बिघाड कुठं आहे आणि बिघाड कसला आहे. कुठं, ते तपासणीतून कळतं. कसला, ते घड्याळ आणि कॅलेंडर सांगतं. चालता-बोलता माणूस मिनिटभरात पडला तर रक्तवाहिनी. तास-दिवसांत वाढत गेलं तर जंतुसंसर्ग किंवा सूज. आठवडे-महिने लागले तर गाठ किंवा टीबी. वर्षानुवर्षं हळूहळू झिजत गेलं तर पेशींची झीज किंवा आनुवंशिक आजार. याला अपवाद खूप आहेत आणि ते पुढं भेटतीलच, पण सुरुवात इथून करा. एमआरआय काढायला पाठवण्याआधी कागदावर स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. एमआरआय पाहून मग तपासणी जुळवून घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही.

आता विचारायचं कसं, ते सांगते. 'संवेदना कमी झाली आहे का' असं विचारलंत तर आपल्याकडची आजी तुमच्याकडं नुसती बघत राहील. "चालताना पायातली चप्पल निसटते का?" असं विचारा. हो म्हणाली तर पुढचा प्रश्न: "निसटल्याचं कळतं का, का मागून कुणीतरी सांगतं?" चप्पल निसटल्याचं कळतं पण पकडून ठेवता येत नाही, तर पंजाची ताकद गेलीय. निसटलेली कळतच नाही, तर स्पर्श आणि स्थितीची जाणीव गेलीय. अर्धा आजार एका चपलेत कळतो. "तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की झोक जातो का?" या प्रश्नात रोंबर्गची, म्हणजे डोळे मिटून तोल पाहायची, चाचणी पेशंटने घरीच करून आणलेली असते. उकिडवं बसल्यावर उठताना मांडीवर हात टेकावे लागतात का, वेणी घालताना हात भरून येतात का, हे खांदा आणि कमरेजवळच्या स्नायूंबद्दलचे प्रश्न. सदऱ्याचं बटण लागत नाही, भाकरी थापताना बोटं पसरत नाहीत, हे हाताच्या टोकाबद्दलचे. आंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट, हे एका पायाला कळतं आणि दुसऱ्याला नाही, असं कुणी सांगितलं तर मज्जारज्जूकडं लक्ष द्या.

'चक्कर' या शब्दावर तर कधीच विश्वास ठेवू नका. भोवताल गरगर फिरतं तेही चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी येते तेही चक्कर, चालताना तोल जातो तेही चक्कर, आणि फिट येऊन गेली तरी घरचे चक्करच म्हणतात. "काय झालं ते करून दाखवा" असं म्हणा. लोक हुबेहूब करून दाखवतात. मुंग्या, बधिरपणा आणि जडपणा हेही तीन वेगळे शब्द आहेत. माणूस 'हात जड झाला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ताकदीबद्दल बोलत असतो. आपल्या शहरांत निम्मी ओपीडी दखनी उर्दूत चालते आणि तांड्यावरून आलेल्या बायका गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. चार-चार प्रश्न त्याही भाषांत पाठ करा. वॉर्डातल्या मावशींना यातलं बरंच येतं, त्यांना विचारायला संकोच करू नका.

शीर्षकातला प्रश्न मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षातली सकाळ, ८ वाजून २० मिनिटं. जालना जिल्ह्यातले साठीचे शेतकरी, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. सोबत सात-आठ माणसं. थोरल्या मुलाला विचारलं, कधीपासून? "रात्रीपासून." रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्रीपासून म्हणजे वेळ गेलेली. मी केसपेपरवर तसं लिहिलं आणि सरांना फोन केला. सरांनी एवढंच विचारलं, "रात्री त्यांना असं पडलेलं कुणी पाहिलं?"

मी परत गेले. मुलगा रात्री नऊला ट्रॅक्टर घेऊन बाहेर पडला होता आणि सकाळी सातला परतला होता. त्याने वडिलांना शेवटचं रात्री पाहिलं, म्हणून तो रात्र म्हणत होता. खोटं बोलत नव्हता. मग सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी असलेली सून हळूच म्हणाली, "मामा पाचला धार काढून आलते. मीच चहा दिला." मोठ्यांसमोर बोलायचं नाही म्हणून ती तोवर गप्प होती. पाच आणि साडेचार, म्हणजे साडेनऊ. साखर तपासली, कारण साखर उतरली तरी माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. बीपी १८५/११० च्या खाली आणलं, साधा सीटी काढून रक्तस्राव नाही याची खात्री केली, घरच्यांशी धोक्याबद्दल बोलले. ९ वाजून ५ मिनिटांनी अल्टेप्लेज, म्हणजे तेच गुठळीचं इंजेक्शन, सुरू झालं. दर किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा हिस्सा एकदम आणि उरलेलं तासाभरात. हल्ली त्याच कामाचं टेनेक्टेप्लेज एकाच दमात देता येतं, किलोला ०.२५ आणि जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम, त्यामुळं धावपळ कमी झाली आहे. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. हाताची बोटं पूर्ण सुधारली नाहीत. पण ते चालत घरी गेले.

तेव्हापासून मी 'कधीपासून' विचारत नाही. "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं आणि कुणी पाहिलं?" असं विचारते, आणि उत्तर येईपर्यंत घरातल्या बायकांकडं वळून बघते. झोपेतून उठतानाच लकवा झालेला असला आणि वेळ सांगायला कुणीच नसलं, तरी एमआरआयवरून काही जणांना हे इंजेक्शन देता येतं. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. ही सोय जिथं असेल तिथला नंबर फोनमध्ये ठेवा. गावाकडं कबुतराचं रक्त चोळण्यात गेलेल्या वेळेबद्दल नातेवाइकांवर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते खरी वेळ सांगणार नाहीत.

त्या सुनेच्या 'मामा' या शब्दाचंही सांगते. आपल्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, आणि अनेक घरांत सासर खरोखर नात्यातलंच असतं. तरुण पोरगा हात थरथरतात, बोलणं अडखळतं म्हणून आला तर "आईबाबांचं लग्न नात्यातलं का?" हे विचाराच. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं, आणि सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच तो होतो. वेळेत पकडला तर औषध आहे. तो सापडला की धाकट्या भावंडांनाही तपासायला बोलवा.

दुसरी चूक जास्त खोल लागलेली आहे. जुलै महिना, एकोणीस वर्षांचा मुलगा. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना, दुपारपर्यंत व्हेंटिलेटरवर. मी गिया-बारे, म्हणजे दिवसांत हातपाय लुळे करणारा नसांचा आजार, असं लिहिलं. आमच्या सीनिअर मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं, "झोपला कुठं होता?" शेतातल्या आखाड्यावर, जमिनीवर, राखणीला. मण्यार. या सापाचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही आणि खूणही सापडत नाही. गिया-बारेमध्ये कमजोरी बहुतेक वेळा पायांकडून वर चढते. मण्यारच्या विषात ती पापण्यांपासून खाली उतरते. हे मला माहीत होतं, तरी मी क्रम विचारला नव्हता. अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिलं, पण हे विष नसांच्या टोकांनाच इजा करतं, त्यामुळं ती टोकं पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटर लागतो. निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग नागाच्या दंशात होतो तेवढा इथं होत नाही.

त्या मुलाच्या बाहुल्या स्थिर होत्या, एकही बोट हलत नव्हतं. त्याच्या बेडजवळ उभं राहून कुणीतरी म्हणालं, "यात आता काही राहिलं नाही." आठवड्याभरानंतर नळी निघाल्यावर तो म्हणाला की त्याला सगळं ऐकू येत होतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाशी बोला. आज वार कोणता, आई बाहेर बसलीय, आता सुई टोचणार आहे, हे सगळं सांगा. कुणी हसलं तर हसू द्या.

खऱ्या गिया-बारेचं गणितही तोंडपाठ हवं. इम्युनोग्लोब्युलिन हे औषध दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. ते महाग आहे, म्हणून जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पहिल्याच तासात मागवा: रेशन कार्ड, आधार. कागद आणायला माणूस गावाला गेला की दिवस मोडतो. तोवर श्वासाची ताकद कमी होतेय का ते कळायला दर दोन-तीन तासांनी पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावा. वीसपर्यंत जाणारा माणूस बारावर अडकला तर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसला तरी आयसीयूला फोन करा.

आणि बाळंतीण. डोकं दुखतंय, फिट आली, असं म्हणून बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांनी येते. घरच्यांना विचारा, पाणी किती देता? अजूनही काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात पाणी कमी पडलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी व्हायला आणखी वाव मिळतो. यात सीटीवर रक्तस्राव दिसला तरी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यायचं असतं. पहिल्यांदा देताना हात थरथरतो. सीनिअरला शेजारी उभं करा, पण द्या.

दुसऱ्या वर्षी ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) आणि नर्व्ह कंडक्शन (नसेचा वेग मोजणं) येतं. ते यंत्राचं काम वाटतं, पण तिथंही हात लावावा लागतो. डिसेंबरच्या सकाळी पेशंटचा हात गार असेल तर नसेचा वेग उगाच कमी दिसतो आणि नसलेला आजार रिपोर्टात येतो. आधी हात गरम करा. स्वतःचा हातोडा आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क विकत घ्या, वॉर्डातला कधीच जागेवर नसतो. रोज निदान एका पेशंटचा डोळ्याचा पडदा पाहा. थिसिसचा विषय आपल्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या आजारातला निवडा, म्हणजे केसेससाठी वणवण होत नाही. थकवा येतोच, कॉलनंतर गाडी चालवत गावी जाऊ नका, एसटीने जा.

शेवटी फिट्सबद्दल, कारण ओपीडीत हे खूप दिसेल. कांदा आणि चप्पल हुंगवणं अजून चालू आहे. शांतपणे सांगा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, ५ मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आईला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोला. व्हॅल्प्रोएटमुळं पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, म्हणून गोळी आधीच विचारपूर्वक निवडा. सासर-माहेर दोघांना हेही सांगा की फिट्स येतात या कारणावरून लग्न रद्द करायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकली आहे. मी हे सांगितल्यावर एका बापाने ते कागदावर लिहून मागितलं होतं.

आमच्या बीडकडचे पेशंट मात्र दसरा-दिवाळीला गायब होतात. आधी मला वाटायचं, औषध सोडलं. मग एका बाईने सांगितलं, "कारखान्यावर जातो आमी, तिथं कुठलं तुमचं औषध." ऊसतोडीला गेलेलं जोडपं चार-पाच महिने परतत नाही. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, झोप मोडते, गोळी चुकते, आणि उसाच्या फडात हातात कोयता असताना फिट येते. म्हणून सप्टेंबरपासून प्रत्येकाला विचारायला लागले: यंदा टोळीत जाणार का, कुठल्या कारखान्यावर, मुकादमाला आजार माहीत आहे का? दिवसातून तीनदा घ्यायची गोळी बदलून शक्य तिथं एक किंवा दोन वेळची करायची, हंगामभराच्या गोळ्या मिळतील अशी सोय फार्मसीशी बोलून लावायची, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी द्यायची. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढते, वाचता येत नसलं तरी चालतं. दसऱ्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत याच कामासाठी ओपीडी तुडुंब असते. त्या दिवसांत रजा मागू नका.