कुशिंगच्या कुत्र्याला मलम लावण्याआधी ट्यूब वाचा

कुशिंग या आजारात शरीरातलं कॉर्टिसॉल (शरीर स्वतःच बनवतं ते स्टेरॉइड संप्रेरक) वाढतं. त्यामुळे कुत्र्याची कातडी पातळ होते, दोन्ही बाजूंचे केस झडतात, पुरळ वारंवार उठतं. अशा वेळी घरातलं खाजेचं मलम कृपया लावू नका. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, कातडी आणखी पातळ करणारं. (कानाच्या थेंबांतही ते बरेचदा असतं.) मात्र डॉक्टरांनीच दिलेलं स्टेरॉइड मनानं एकदम थांबवू नका.

पुरळासाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू दिला असेल, तर फेस १० मिनिटं अंगावर राहू द्या. मग कोमट पाण्यानं धुवा आणि टॉवेलनं न घासता नुसतं टिपा.

केस परत येतात ते ट्रायलोस्टेनसारख्या औषधानं आजार आटोक्यात आल्यावर, तेही काही महिन्यांनी. पाठीवर खडीसारखे टणक चट्टे दिसले तर खरवडू नका, लगेच दाखवा.