जुनी एअर जॉर्डन जोडी पायात घालण्याआधी

नाइकीच्या एअर जॉर्डन या बास्केटबॉल बुटांच्या जुन्या जोडीचं आयुष्य वरच्या चामड्यावरून कळत नाही. ते ठरतं मिडसोलवर, म्हणजे पाय आणि खालचं रबर यांच्यामधल्या फोमवर. म्हणून हातात आलेली जोडी मालिकेतली कितवी, ते आधी ओळखा.

डिझायनर पीटर मूर यांच्या १ नंबरला कडेनं शिवलेला, वाटीसारखा रबरी सोल आहे. एअर, म्हणजे हवेची उशी, टाचेखाली आत दडलेली असते. १९८५ च्या मूळ जोड्यांचा तळ बरेचदा शाबूत मिळतो. तडे घोट्याजवळच्या कॉलरला जातात. इटलीत बनलेल्या २ नंबरपासून (१९८६) उघडा पॉलियुरेथेन मिडसोल आला आणि त्याच्यासोबत दुखणंही. १९८८ मध्ये डिझायनर टिंकर हॅटफिल्ड यांनी ३ नंबरच्या टाचेला खिडकी ठेवून एअर बाहेरून दिसेल अशी केली. ४, ५ आणि ६ नंबर (१९८९ ते १९९१) त्याच वाटेनं गेले. आमच्या मते मालिकेतली सर्वांत देखणी पिढी हीच, आणि टिकवायला सर्वांत अवघडही.

हवेतला दमटपणा पॉलियुरेथेनचे बंध तोडत राहतो. बूट न वापरताही साधारण १० ते १५ वर्षांत फोम ढासळतो, त्यामुळे खोक्यातली कोरी जोडी जास्त फसवते. २००० च्या आसपासच्या रेट्रो (जुन्या नंबरच्या नव्यानं काढलेल्या) जोड्याही आता याच अवस्थेत आहेत.

तपासताना बूट वाकवू नका. कमजोर फोम तिथंच फुटतो. टाचेच्या खिडकीजवळ अंगठ्यानं हलकेच दाबा. खड्डा तसाच राहिला, करकर आवाज आला किंवा बोटाला चिकट लागलं, तर जोडी फक्त मांडून ठेवण्यापुरती. नुसता रंग तडकलेला असेल आणि खालचा फोम दाबून परत वर येत असेल, तर घाबरू नका.

वरचा भाग चांगला असेल तर सोल बदलता येतो. त्याच नंबरची, त्याच मापाची आणि अलीकडच्या उत्पादनाची रेट्रो जोडी घ्या; तिचा सोल काढून जुन्या वरच्या भागाला लावायचा. तारीख आतल्या लेबलवर पाहा. शिवण असेल तर आधी उसवा. खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर, जोडावर ॲसिटोन (गोंद सैल करणारा द्रव) थोडंथोडं सोडत दोन्ही जोड्यांचे सोल सोडवा. रंगवलेल्या कडा आणि ४ नंबरचे प्लास्टिकचे पंख यांना ते लागू देऊ नका, रंग उतरतो. जुना गोंद पूर्ण खरवडून काढा, कारण नवा सोल सुटतो तो बहुतेक वेळा इथल्या आळसामुळे. मग गोंद न लावता एकदा बसवून पाहा. जुना साचा आणि नवा सोल यांच्या कडा थोड्या चुकतात, आणि गोंद लागल्यावर ते सुधारता येत नाही. दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट सिमेंट या गोंदाचा पातळ हात द्या, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, चवड्यापासून टाचेकडे दाबत न्या. जोडी २४ तास दाबून बांधून ठेवा.