तोडा आधी, फवारणी नंतर: टोमॅटोवरील औषधाचा अंश कसा उतरतो

नाशिककडच्या पिंपळगाव, गिरणारे बाजारात टोमॅटोची आवक भरात असताना दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडा, म्हणजे फळांची काढणी, येतो, आणि अळी काही तोड्याच्या तारखा बघून येत नाही. घाईत फवारणी तोड्याच्या आदल्या दिवशी होते आणि औषधाचा अंश फळाबरोबर बाजारात जातो. क्रम उलटा ठेवा. सकाळी तोडा करताना रंग धरू लागलेली फळेही काढून घ्या आणि त्याच संध्याकाळी फवारा.

प्रतीक्षा कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोड्यापर्यंत थांबायचे दिवस, नुसत्या औषधाचा नसतो; पीक आणि मात्रा बदलली की तोही बदलतो. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी हे अळीनाशक टोमॅटोवर एकरी 60 मिली, थांबायचे 3 दिवस. तेच वांग्यावर एकरी 80 मिली आणि थांबायचे तब्बल 22 दिवस! म्हणून टोमॅटोचे उरलेले द्रावण बांधापलीकडच्या वांग्यावर मारू नका. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहूनही तोडा ठरवू नका. तो रंग विषारीपणाचा वर्ग सांगतो, थांबायचे दिवस लेबलवर वेगळे वाचावे लागतात.

अंश रोज सारखा उतरत नाही. समजा, निम्मा व्हायला 2 दिवस लागतात. मग 4 दिवसांनी पाव उरतो, 6 दिवसांनी दोन आणे, म्हणजे आठवा हिस्सा. झाकणाने अंदाजे ओतून मात्रा दुप्पट झाली, तर त्याच पातळीला यायला आणखी 2 दिवस जातात. लेबलवरचे 3 दिवस तिथेच बाद. मापाचा पेला स्वस्तातली वस्तू आहे, तेवढी घ्याच.

ऊन आणि उष्णता अंश तोडतात. काकडी झपाट्याने फुगते, तसे किलोमागे प्रमाणही घटते. पिकायला आलेला टोमॅटो फारसा वाढत नाही, त्यामुळे तिथे ही मदत नाही. परतीचा पाऊस पृष्ठभागावरचे धुतो, पण इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध आत शिरल्यावर पावसाने जात नाही, घरी फळ धुऊनही नाही. निफाडच्या थंडीत, ढगाळ हवेत किंवा शेडनेटमध्ये अंश रेंगाळतो. लेबलपेक्षा एक-दोन दिवस जास्तच थांबा.

मेथी-कोथिंबिरीत वजनाच्या मानाने पानाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे अंशही जास्त चिकटतो. काढणी जवळ आली असेल तर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागवा. दोन औषधे एकत्र मारली असतील, तर ज्याचा कालावधी मोठा तोच धरायचा.