मित्राचा गंभीर अपघात झाल्यावर ख्रिस्ती सोबत्याने काय करावे

जिवाभावाच्या मित्राच्या अपघाताची बातमी येते तेव्हा ख्रिस्ती माणूस एकाच वेळी दोन गोष्टी करू लागतो: तो प्रार्थना करतो, आणि देवाने हे का होऊ दिले याचे उत्तर शोधू लागतो. पहिली गोष्ट अवश्य करावी. दुसरी मात्र मित्राच्या खाटेजवळ नेऊ नये. माझ्या मित्राच्या दुचाकीला ट्रकची धडक बसून त्याच्या मणक्याला जबर इजा झाली, तेव्हा चौथ्याच दिवशी मी त्याला रोमकरांस पत्रातील ते सुपरिचित वचन वाचून दाखवले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्या वचनावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण त्याने डोळे मिटून घेतले आणि मी निघेपर्यंत ते उघडले नाहीत. त्यानंतरच्या दीड वर्षात जे शिकलो, ते अशाच प्रसंगात सापडलेल्या वाचकांसाठी लिहीत आहे.

आरंभ ईयोबाच्या मित्रांपासून करावा. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे त्याचे दुःख पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. बोलायला लागल्यावर त्यांचे चुकत गेले, आणि शेवटी परमेश्वराने त्यांना तसे स्पष्ट सांगितले. म्हणून सुरुवातीच्या भेटींत जवळ बसणे एवढेच आपले काम समजावे. अतिदक्षता विभागात हात धुऊन, एकेकट्याने आणि ठरलेल्या वेळीच जावे. मित्र बेशुद्ध असला तरी आपले नाव सांगून त्याच्याशी हळू आवाजात बोलावे, कारण त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. याच कारणाने त्याच्या पायाचे काय होणार, खर्च किती आला, ही चर्चा खाटेशेजारी कधीही करू नये. प्रार्थना मिनिटभराची असावी, तो शुद्धीवर असल्यास त्याला विचारून करावी, आणि अंगावर हात ठेवण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे. मंडळीतील वीस जणांनी वॉर्डाबाहेर मोठ्याने प्रार्थना करण्यापेक्षा एकाने रुग्णालयात थांबावे आणि बाकीच्यांनी देवळात किंवा घरी गुडघे टेकावेत. शेजारच्या खाटेवरचा रुग्णही कोणाचा तरी मित्र असतो.

अपघाताविषयी प्रभू येशू स्वतः बोलले आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे ठार झाली होती. ती यरुशलेमातल्या इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे त्यांनी लोकांना विचारले आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. म्हणून भेटीला आलेला एखादा बंधू पापाची, शिक्षेची किंवा विश्वास कमी पडल्याची भाषा बोलू लागला, तर त्याला आदराने पण लगेच बाहेर घेऊन जाणे हे मित्राचे कर्तव्य आहे. 'देवाने तुला वाचवले, आता साक्ष दे' हा आग्रहही असाच थांबवावा. त्याच गाडीत बसलेले दुसरे कोणी दगावले असेल, तर ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखे रुतून बसते.

मित्र देवावर रागावलेला असेल, तर घाबरू नये आणि त्याची समजूतही घालू नये. तेराव्या स्तोत्रात दावीद 'कोठवर' असे चार वेळा विचारतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; पवित्र शास्त्राने ही तक्रार प्रार्थना म्हणूनच जपून ठेवली आहे. त्याची इच्छा असेल तर ही स्तोत्रे वाचावीत. त्याला प्रार्थनाच नको असेल, तर कफर्णहूममधील त्या पक्षाघाती मनुष्याची आठवण ठेवावी, ज्याला चौघांनी बाजेसह छप्पर उघडून खाली सोडले. प्रभूने 'त्यांचा विश्वास' पाहिला असे मार्क लिहितो. आजाऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाची चौकशी झाल्याचे तेथे दिसत नाही. काही महिने आपण मित्राच्या वतीने विश्वास धरून राहू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाज चौघांनी उचलली होती, म्हणून कामेही वाटून घ्यावीत. 'काही लागले तर सांगा' असे म्हणू नये, कारण थकलेली बायको किंवा आई कधीच सांगत नाही; 'मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी झोपायला येतो, तुम्ही घरी जा' असे म्हणावे. एकाने मुलांची शाळा आणि घरचा डबा पाहावा. एकाने कागद सांभाळावेत: प्राथमिक माहिती अहवालाची प्रत, सर्व बिले, डिस्चार्ज कार्ड. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारच्या 2025 च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतो, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकिलाशी लवकर बोलावे. रक्तदानाचीही पाळी लावावी. पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी 90 दिवस आणि स्त्रीला 120 दिवस थांबावे लागते, त्यामुळे सगळ्या तरुण संघाने पहिल्याच संध्याकाळी रक्त दिले तर पुढच्या शस्त्रक्रियेला कोणी उरत नाही. मंडळीने गोळा केलेली मदत बंद पाकिटातून घरी पोहोचवावी, आणि पट्ट्या बांधलेला फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

बरे होण्यासाठी प्रार्थना धीटपणे करावी. याकोबाच्या पत्राप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावावे. कॅथलिक मित्रासाठी फादरांना बोलवावे, आणि आजाऱ्याला तेल लावण्याचा तो संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी नाही हे घरच्यांना आधी समजावून सांगावे, नाहीतर तेलाची डबी पाहूनच त्यांचा धीर खचतो. मात्र चंगाईच्या आशेने औषध किंवा फिजिओथेरपी थांबवू देऊ नये. पौलाने शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनंती केली, आणि त्याला काटा निघण्याऐवजी कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. रोजची प्रार्थना लहान आणि नेमकी ठेवावी: आजची झोप, उद्या निघणारी लघवीची नळी, परवाचे पहिले बसणे.

खरी कसोटी तिसऱ्या महिन्यापासून लागते. तोवर भेटायला येणारे कमी होतात आणि मित्राला कळू लागते की आपले शरीर पूर्वीसारखे होणार नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस 1954 मध्ये मोटार उलटून कमरेखाली कायमच्या अपंग झाल्या, तेव्हा त्यांचे शिक्षक डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांना बसून करता येईल असे काम दाखवले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे तेथे पुनर्वसनाचा विभाग उभा केला, आणि 1972 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कथा मित्राला उदाहरण म्हणून ऐकवू नये, ती आपण लक्षात ठेवावी. त्याच्याकडे काही मागावे. मी माझ्या घरातल्या भांडणाविषयी त्याचा सल्ला विचारला आणि माझ्यासाठी प्रार्थना कर असे म्हटले, तेव्हा कित्येक आठवड्यांनी तो आपल्या जुन्या आवाजात बोलला. दया एकाच बाजूने वाहत राहिली तर मैत्री टिकत नाही.

तो पहिल्यांदा उपासनेला येणार असेल, तेव्हा आदल्या दिवशी देवळात जाऊन पायऱ्या मोजाव्यात, उताराची फळी किंवा उचलणारी चार माणसे ठरवावीत, आणि एका बाकाची कड मोकळी करून घ्यावी, म्हणजे त्याची खुर्ची सर्वांपुढे किंवा अगदी मागे न राहता ओळीतच राहील. त्याला पुढे बोलावू नये, आणि प्रभुभोजनाची भाकर व प्याला त्याच्या जागेवर आणून द्यावा, असे पाळकसाहेबांना सांगून ठेवावे. गीतासाठी सगळी मंडळी उभी राहील, तेव्हा आपण त्याच्या शेजारी बसूनच राहावे आणि गीतपुस्तक दोघांना दिसेल असे मध्ये धरावे.